पाच महिन्यांत साठ वर्षांचा बेस

बेस, म्हणजे खर्जातली गिटार, मी चौदा हजारांना सेकंडहँड घेतला होता. कॅलिफोर्नियातल्या फेंडर कंपनीच्या ‘जॅझ बेस’ची नक्कल, काळा कुळकुळीत, चेहरा दिसेल इतका चकचकीत. वाजायला वाईट नव्हता, पण मान, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, मागून चिकट, अंगठा सरकता सरकत नसे. मला हवा होता साठच्या दशकातल्या फेंडरसारखा: पांढऱ्याचा पिवळा पडलेला, हाताखाली लाकूड उघडं पडलेला. तसा खरा घ्यायचा तर लाखांची गोष्ट. म्हणून फेब्रुवारीत ठरवलं, आपणच करू.

हे वेड माझ्या एकट्याचं नाही. १९९५ साली फेंडरच्या कस्टम शॉपने ‘रेलिक’ नावाखाली मुद्दाम झिजवलेल्या गिटारी विकायला काढल्या. सुरुवातीची काही वर्षं त्यांच्या बॉड्या आणि माना मिसुरी राज्यातल्या विन्स कुनेटोच्या वर्कशॉपमधून जुन्या होऊन यायच्या. गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीने तर या कामासाठी ‘मर्फी लॅब’ असा वेगळा विभागच काढलाय. झिजवलेली गिटार नव्याकोऱ्यापेक्षा महाग, हे आजीला सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे नव्या लुगड्याला दंड घालायचा आणि वर जास्त पैसे घ्यायचे.” याहून नेमकी व्याख्या मी कुठे वाचलेली नाही.

पहिला आठवडा पॉलिश पेपर घेऊन घासत बसलो. मनगट सुजलं, रंगावर नुसते ओरखडे. स्वस्त गिटारींवर हल्ली पॉलिएस्टर नाहीतर पॉलियुरेथेन असतं. ते म्हणजे प्लास्टिकचं कवचच. ते झिजत नाही, फार तर त्याची कपची उडते. जुन्या वाद्यांवर असायचं नायट्रोसेल्युलोज लॅकर: पातळ, ठिसूळ, घामाने मऊ पडणारं, वर्षानुवर्षं पिवळं होत जाणारं. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघरने १९६३ साली आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये सेकंडहँड घेतलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारीचा रंग जवळजवळ सगळा गेला, त्याचं श्रेय लोक त्याच्या घामाला देतात. पॉलिएस्टरवर त्याने जन्मभर घाम गाळला असता तरी काही झालं नसतं.

मग हीट गन आणली, गच्चीवर दोन रविवार घालवून कवच सोलून काढलं. मास्क लावूनही घसा दोन दिवस खवखवत होता.

नायट्रोसेल्युलोज कुठून आणायचं याची काळजी उगाच केली. आपल्याकडे फर्निचर पॉलिशवाले ज्याला एनसी म्हणतात, तेच ते. फेंडरही आपले रंग ड्युपॉन्टच्या मोटारींच्या रंगांतून घ्यायचे, त्यातले काही ‘ड्युको’ मालिकेतले. आणि आपल्याकडचे गॅरेजवाले आजही एनसी रंगाला ड्युकोच म्हणतात. म्हणजे कॅलिफोर्नियातला तो मंतरलेला रंग आमच्या कोपऱ्यावर लिटरच्या डब्यात मिळत होता.

आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच घरांच्या दारांना पॉलिश केलेल्या काकांकडे बॉडी घेऊन गेलो. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली.

“किती हात मारू?”

“जितके कमी तितकं बरं. पातळ हवंय.”

“सगळे जाड मागतात, तुम्ही पातळ मागताय. बरं. पण पावसाच्या आत उरकू. दमट हवेत एनसी पांढरं धरतं.”

एप्रिलमध्ये त्यांनी आधी पांढरा रंग मारला, वर क्लिअर लॅकर. शेवटच्या दोन हातांत त्यांनीच चिमूटभर पिवळसर स्टेन घातलं. मी पिकगार्डच्या, म्हणजे बॉडीवर स्क्रूने बसवलेल्या प्लास्टिकच्या पत्र्याच्या, आकाराचा कागद चिकटवून ठेवला होता. खऱ्या जुन्या वाद्यात पिकगार्डखालचा रंग उजेडापासून वाचलेला, म्हणून फिकट राहतो. स्क्रू काढल्याशिवाय हे कुणालाच दिसणार नाही, पण मला माहीत असणार होतं ना.

मधल्या काळात धातूचे भाग घेतले, आणि तिथे मी माती खाल्ली. बुधवार पेठेतून सर्किट बोर्ड कोरायचं फेरिक क्लोराइड आणलं. त्याने स्क्रू छान काळवंडले, पण क्रोमचा ब्रिज (तारा ज्यावर टेकतात तो भाग) आणि खुंट्या दाद देईनात. मग कुठेतरी वाचलेलं आठवलं: बाथरूम साफ करायचं ॲसिड वाटीत घालायचं, वर जाळी, जाळीवर भाग, आणि सगळं झाकणाच्या बादलीत रात्रभर. बादली बाल्कनीत ठेवली. झाकण नीट बसलं नव्हतं.

सकाळी क्रोमवर जेमतेम धूसरपणा आला होता. बाल्कनीतलं बाकीचं सगळं लोखंड मात्र तांबूस झालं होतं. सायकलची चेन, कुंड्यांचा स्टँड, बिजागऱ्या, आणि शेल्फवर आजीच्या पानाच्या डब्यात राहिलेला अडकित्ता. त्या अडकित्त्याच्या दांड्या साठ वर्षांच्या वापराने अशा गुळगुळीत झाल्यात की त्यावरून आजीची पकड कळते. पात्यावर गंज. खोबरेल तेल आणि राखेने मी तो दोन दिवस घासला. आजी बोलली नाही, फक्त डबा आपल्या खोलीत नेऊन ठेवला. ॲसिडचा हा उद्योग घरात कोणीही करू नये. क्रोम शेवटी बारीक वॉटर पेपरनेच मंद केलं.

अडकित्ता घासताना एक गोष्ट ध्यानात आली. झीज ज्याच्या-त्याच्या हाताची असते. मी मात्र गॅलाघरचे, नाहीतर कुणाकुणाच्या बेसचे फोटो पाहून पेन्सिलने डाग आखत होतो. माझा हात कुठे टेकतो ते मी पाहिलंच नव्हतं. मग बेस तात्पुरता जोडला, पुढच्या बाजूला टाल्कम पावडर फासली आणि खुर्चीत बसून तासभर वाजवलं. पावडर जिथून पुसली गेली तो माझा नकाशा. हाताचा पट्टा फोटोतल्यापेक्षा बराच मागे होता. अंगठा मी पिकअपच्या, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकी भागाच्या, कडेवर टेकवतो, तिथे स्वच्छ ठिपका उमटला होता. आणि बेल्टच्या बकलच्या खुणा, ज्या सगळे हौसेने पाठीवर काढतात, त्या मला लागूच नव्हत्या. मी बेल्ट लावत नाही.

त्या नकाशाप्रमाणे घासलं. पिकअप आधी काढून ठेवले, कारण घासायच्या स्टील वूलचे (लोखंडी काथ्याचे) तुकडे त्यांच्या चुंबकाला चिकटले की निघता निघत नाहीत. मानेच्या मागचं कवचही उतरवलं आणि ३२०, ४००, ६०० नंबरचे पेपर वापरत लाकूड गुळगुळीत केलं. खरं सांगू, सगळ्या उपद्व्यापात वाजवताना फरक पडला तो एवढाच. बाकी सगळं डोळ्यांचं सुख.

राहिले तडे. जुन्या लॅकरवर केसासारख्या भेगा असतात. थंडीत लाकूड आणि लॅकर सारखे आकसत नाहीत, म्हणून त्या पडतात. घरच्या फ्रीजरमध्ये बॉडी मावेना. मित्राचं आइस्क्रीमचं दुकान आहे, त्याच्या डीप फ्रीजरमध्ये रात्रभर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली. सकाळी काढून हेअर ड्रायर फिरवला. काही नाही. काकांना विचारलं तर हसले. “अजून ओलं आहे हो ते. वरून वाळलंय, आतून नाही. कच्चं लॅकर ताणलं जातं, फुटत नाही.”

अडीच महिने थांबलो. जुलैत पुन्हा त्याच फ्रीजरमध्ये. या वेळी ड्रायर लावताच फुटाण्यासारखे टक्-टक् आवाज आले आणि डोळ्यांदेखत रेषा धावल्या. मित्र गिऱ्हाईक सोडून बघत उभा राहिला. भेगांत काळं बूट पॉलिश चोळून लगेच पुसलं, तेव्हा त्या नीट दिसू लागल्या.

जोडण्याआधी मानेच्या टाचेवर, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावर, पेन्सिलने ‘जुलै २०२४’ लिहिलं. जुन्या फेंडरच्या मानांवरही तिथेच पेन्सिलने तारीख असायची. उद्या हा बेस विकला गेला आणि कुणी तो खरा जुना म्हणून खपवू लागला, तर मान उघडणाऱ्याला कळेल.

आता वर्ष होत आलं. मध्यंतरी उजेडात पाहिलं तर हाताजवळचं लॅकर आपणहून मऊ पडून निस्तेज होतंय, पण मी घासलेल्या पट्ट्यावर नाही. त्याच्या दोन बोटं खाली. पावडर लावून वाजवलं होतं ते खुर्चीत बसून. बँडमध्ये मी उभा असतो.