बोटी बंद, मशीन मोकळं

जून-जुलैत समुद्र बंद असतो तेव्हा आमचा कॉम्प्युटर दुरुस्तीचा धंदा चालतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी. ट्रॉलर वर ओढलेले, होड्या झापांखाली झाकलेल्या, आणि मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात डिझेलसाठी कोणी ताटकळत नसतं. एरवी ‘अर्धा तास मशीन बंद ठेवतो’ म्हटलं की अंगावर येणारी माणसं या दोन महिन्यांत आपणहून फोन करतात.

२०२४च्या जुलैत असाच फोन आला. देवगड आणि मालवणच्या मधल्या एका बंदरावरची सोसायटी. ऑडिटरने शेरा मारला होता, ‘संगणक अद्ययावत करून घ्यावेत.’ सेक्रेटरी तात्या म्हणाले, “येऊन अपडेट मारून जा, म्हणजे ह्यो एक शेरो तरी कमी होयत.”

माझं दुकान कणकवलीत. निघण्यापूर्वी मी एक सीडी भरून घेतली. या वयाच्या मशीनसाठी मी पेनड्राइव्ह नेत नाही. पेनड्राइव्ह जिथे लावाल तिथला प्रसाद घेऊन येतो, फोल्डरचे शॉर्टकट करणारे व्हायरस कोकणात गावोगाव असेच फिरले. एकदा लिहून बंद केलेल्या सीडीवर कोणाला काही चढवता येत नाही. तिच्यात होता विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक ३, म्हणजे सुधारणांचा एकत्र गठ्ठा, आणि त्यानंतरचे दोन-तीन मोजके पॅच, एकेका भोकाला लावायची ठिगळं. ही जुनी जमवाजमव मी जपून ठेवतो, कारण ऑगस्ट २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने एसएचए-१ या जुन्या पद्धतीच्या डिजिटल सहीच्या फाइली आपल्या डाउनलोड सेंटरवरून काढून टाकल्या. ज्याच्याकडे आधीची प्रत आहे त्याचं काम होतं, बाकीचे भलत्या साइटवरून काहीतरी उतरवून घेतात आणि सुरक्षेच्या नावाखाली रोग आणतात.

ऑफिसात दोन मशीन. एकावर विंडोज ७ आणि इंटरनेट: मेल, सरकारी पोर्टल, बँक. दुसऱ्यावर एक्सपी आणि डिझेलचा प्रोग्रॅम. कुठल्या बोटीने किती लिटर उचललं, कोटा किती उरला, डिझेलवरच्या करपरताव्याच्या प्रस्तावाला कुठला तक्ता लावायचा, हे सगळं फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसवर लिहिलेल्या त्या एका प्रोग्रॅममध्ये. तो लिहिणाऱ्याने केव्हाच धंदा बदलला. प्रोग्रॅमला कुलूप म्हणून एक डोंगल, ते मागच्या पॅरलल पोर्टला, आणि डोंगलच्या पाठीला टीव्हीएसचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. नवीन मशीन घ्या म्हणणं सोपं आहे. नव्या मशीनला तो पोर्टच नसतो.

“चलता मा मशीन? मगे तेका हात कित्याक लावतंस? त्या दुसऱ्याक काय तां कर,” तात्यांचं पहिलं म्हणणं.

एका अर्थी बरोबरच होतं त्यांचं. जुनं म्हणजे जास्त धोक्याचं, असं सगळे धरून चालतात. पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा किडा, जगभर पसरला तेव्हा बाधित झालेली बहुतेक मशीन विंडोज ७ची होती. एक्सपीवर तो किडा बऱ्याचदा नीट चालायचाच नाही, मशीन नुसतं कोसळायचं. ज्या भोकातून तो आत शिरायचा त्याचा ७साठीचा पॅच १४ मार्च २०१७लाच आलेला होता, म्हणजे दोन महिने आधी. तो न टाकलेली मशीन सापडली. त्याच भोकाचा वापर करून पुढच्या महिन्यात नॉटपेट्या नावाचा दुसरा किडा आला, त्याने मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं बसवलं, आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं कामही थांबलं. हे तात्यांना सांगितलं तर ते म्हणाले, “तां मोठा बंदर. आमच्याकडे कोण येतलो?” किड्याला बंदर लहान की मोठं कळत नाही, तो आकडे धरून एकेक पत्ता ठोठावत जातो, हे सांगून पाहिलं. चेहऱ्यावरून पटलेलं दिसलं नाही.

म्हणून आधी ७ घेतलं. तिथे विंडोज अपडेट दाबलं की 80072ईएफई असा कोड यायचा. क्लार्क वहिनी म्हणाल्या, “नेटच स्लो आहे आमचं.” नेटचा दोष नव्हता. मायक्रोसॉफ्टने अपडेटवरच्या सह्या एसएचए-२ पद्धतीच्या केल्या, आणि २०१९च्या मध्यापासून ज्या ७ला ती सही ओळखता येत नाही त्याला पुढचं काही मिळेनासं झालं. ही सही ओळखायला शिकवणारंही एक अपडेटच, आणि ते अडकलेल्या मशीनला आपोआप मिळत नाही. हाताने आणून टाकावं लागतं, तेही क्रमाने: आधी सर्व्हिस पॅक १, मग मार्च २०१९चा सर्व्हिसिंग स्टॅक (अपडेट बसवणारा भाग), मग एसएचए-२चं अपडेट, मग रीस्टार्ट. हा क्रम सोडून थेट जानेवारी २०२०चा शेवटचा रोलअप, म्हणजे एकत्रित अपडेट, टाकायला गेलात तर तो बसतच नाही, मशीन पहिल्या जागीच राहतं. ‘आमचं मशीन अपडेट घेतच नाही’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांची गोष्ट एवढीच असते.

क्रमाने टाकलं तसं ते सुरळीत चालू लागलं. १४ जानेवारी २०२० नंतर ७ला फुकट काही मिळत नाही, म्हणजे तिथवर आणून सोडायचं. ब्राउजर मात्र बदलला. क्रोम ७वर १०९ला थांबलं होतं, फायरफॉक्सची ११५ ईएसआर ही लांब मुदतीची आवृत्ती तेव्हाही अपडेट घेत होती. अपडेट उतरत असताना वहिनींनी पिठी-भात आणि भाजलेला सुका बांगडा पुढे केला. बाहेर पाऊस असा की खिडकीतून धक्का दिसेना.

मग एक्सपी. त्याच्यावर सर्व्हिस पॅक २च होता. एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ला संपला, पण नंतरही काही वेळा मायक्रोसॉफ्टला नाइलाजाने पॅच द्यावे लागले, त्यातले मला हवे होते ते दोन: मे २०१७ मध्ये वॉनाक्रायसाठी आणि मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधल्या ब्लूकीप नावाच्या भोकासाठी. ते सर्व्हिस पॅक ३वरच बसतात. म्हणजे आधी तो टाकणं चुकत नाही.

कॅबिनेट उघडलं तर आत पालीची अंडी आणि रॅमच्या पट्टीवर खाऱ्या हवेची हिरवट बुरशी. खोडरबराने घासली. मदरबोर्डावरचा सेल मेलेला. त्यामुळे मशीन रोज सकाळी १ जानेवारी २००२ दाखवायचं आणि वहिनी प्रोग्रॅम उघडण्यापूर्वी हाताने तारीख घालायच्या. किती वर्षं, ते त्यांनाही आठवेना. नवा सीआर २०३२ टाकला. मग हार्ड डिस्क काढून तिचा पुरता क्लोन, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब प्रत, घेतला. क्लोन हातात आल्याशिवाय अशा मशीनवर मी एकही फाइल चालवत नाही, घरचा कॉम्प्युटर असला तरी.

वीज दोनदा गेली होती, म्हणून इन्व्हर्टरवर घेऊनच सर्व्हिस पॅक सोडला. तो पट्टी भरत भरत शेवटाला गेला, ‘फिनिश’ आलं, रीस्टार्ट. एक्सपीचा लोगो आला, खालची पट्टी दोन वेळा सरकली, क्षणभर निळं काहीतरी चमकलं आणि मशीन पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा लोगो, पुन्हा निळं. पुन्हा.

तात्या माझ्या पाठीशी येऊन उभे. “गेला?”

“थांबा जरा.”

“डिझेलचा सगळा हिशोब तेच्यात आसा.”

“हिशोब या डिस्कवर पण आहे,” म्हणून मी क्लोनवर हात ठेवला. त्यांचं लक्ष स्क्रीनवरून हटेना.

निळा पडदा वाचता यावा म्हणून एफ८ दाबून आपोआप रीस्टार्ट बंद करण्याचा पर्याय घेतला. स्टॉप कोडच्या शेवटी ७ई. ते पाहिलं आणि मी विचारलं, “तात्या, ही डिस्क पहिल्यापासून ह्याच मशीनची का?”

नव्हती. २००९च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा ऑफिसचं छप्पर उडालं होतं. जुनं पेन्टियम फोर भिजून मेलं, डिस्क तेवढी वाचली. कोणीतरी ती सेकंडहँड सेम्प्रॉनच्या डब्यात बसवून चालू करून दिली. पेन्टियम इंटेल कंपनीचा प्रोसेसर, सेम्प्रॉन एएमडीचा. डिस्कवरच्या विंडोजला इंटेल प्रोसेसरचा एक ड्रायव्हर चालवायची सवय राहिली होती, इंटेलपीपीएम नावाचा. एएमडीवर तो एरवी गप्प असतो. सर्व्हिस पॅकनंतरच्या पहिल्या रीस्टार्टला मात्र मशीन पाडतो. २००८ मध्ये सर्व्हिस पॅक ३ आला तेव्हा एएमडीवाल्या पुष्कळ लोकांची मशीन अशीच गोल गोल फिरत राहिली होती. फयानमध्ये फिरवलेल्या डिस्कने तो हिशोब पंधरा वर्षांनी पुरा केला.

इलाज एका ओळीचा आहे. एक्सपीची मूळ सीडी घालायची, ‘आर’ दाबून रिकव्हरी कन्सोल या दुरुस्तीच्या पडद्यावर जायचं आणि तो ड्रायव्हर बंद करायचा. सेफ मोडमधून रजिस्ट्रीतही करता येतं, पण मला कन्सोल बरा वाटतो, तिथे चुकायला जागा कमी. कन्सोलने काळ्या पडद्यावर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला.

“पासवर्ड कोणाला माहीत आहे?”

वहिनींनी तात्यांकडे पाहिलं, तात्यांनी वहिनींकडे. “पासवर्ड कधी होतो?” तात्या म्हणाले.

मी नुसतं एंटर दाबलं. आत गेलो! संपूर्ण सोसायटीचा डिझेल हिशोब, आणि दाराला कडीसुद्धा नाही. त्या घडीला मात्र मला ते सोयीचंच पडलं.

‘डिसेबल इंटेलपीपीएम’ टाइप केलं. कन्सोल अशा वेळी एक शहाणपणा करतो: आधीची किंमत काय होती ते दाखवून ‘ही लिहून ठेवा’ सांगतो. मी ती वहिनींच्या डिझेल बुकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतली. सीडी काढली, रीस्टार्ट. लोगो आला, पट्टी सरकली, सरकत राहिली, आणि डेस्कटॉप उघडला. तात्या काही बोलले नाहीत, खुर्ची ओढून बसले.

मग २०१७चा पॅच, २०१९चा पॅच, आणि पेनड्राइव्ह लावताच आपोआप सुरू होणारा ऑटोरन बंद करणारा एक. ॲडमिनिस्ट्रेटरला पासवर्ड घातला, तो कागदावर लिहून कपाटातल्या शिक्क्यांच्या डब्यात ठेवायला दिला. वहिनींनी प्रोग्रॅम उघडून एका बोटीचा खातेउतारा काढला. डॉट मॅट्रिक्स करकरत सुटला तेव्हा त्यांच्या तोंडून “हां” निघालं. तारीख बरोबर होती, हे त्यांनी उतारा फाडताना पाहिलं.

आता राहिली ती निळी नेटवर्क केबल. दोन्ही मशीन एका स्विचला जोडलेली, कारण महिन्याचा तक्ता एक्सपीवरून ७वर घेऊन मेल करायचा असतो. फाइल शेअर करण्याची एसएमबीची पहिली आवृत्ती एवढीच एक्सपीला येते, आणि वॉनाक्राय, नॉटपेट्या दोघांनीही वापरलं ते भोक त्याच आवृत्तीतलं. एक्सपीशी बोलता यावं म्हणून ७लाही ती चालू ठेवावी लागत होती. म्हणजे एका जुन्या मशीनपायी नेटवाल्या मशीनचंही दार उघडं. आज टाकलेले पॅच माहीत असलेली भोकं बुजवतात. उद्या नवं सापडलं तर या दोन्ही मशीनना पॅच येणार नाही.

मी केबल उपटून गुंडाळली आणि ७वरची पहिली एसएमबी बंद केली. महिन्यातून एकदा तक्ता न्यायचा तर एक पेनड्राइव्ह त्याच कामाला ठेवा, घरी नेऊ नका, पोरांना गाणी भरायला देऊ नका, ७वर लावल्यावर आधी स्कॅन, मग फाइल. वहिनींनी लगेच एकावर डिझेल असं स्केचपेनाने लिहिलं. त्यांना ते पॅचपेक्षा जास्त कळलं, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर.

तात्यांना मात्र केबल गेल्याचं लागलं. “पयले एका बटनात जाय. आता चालत नेऊचा?” दोन टेबलांमध्ये अंतर चार पावलांचं.

“चालत न्या तात्या. ऑडिटरला सांगा, वेगळं ठेवलंय.”

“आणि ह्या किती वर्सां चलतला?”

डोंगल आहे तोवर, म्हणालो. तेवढ्यात कोणाकडून तरी हा हिशोब नव्या प्रोग्रॅममध्ये उतरवून घ्या, बोटींची आणि लिटरची नुसती यादी तरी बाहेर काढून ठेवा. या डिस्कचा क्लोन तोवर कपाटात राहील, पण क्लोनने डोंगल परत येत नाही. त्यांनी मान हलवली. पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेतो म्हणाले, म्हणजे काय ते सोसायटीत काम केलेल्याला कळतं.

मग बिल लिहायला बसलो. सेल, क्लोनची डिस्क, ७चं काम, एक्सपीचं काम. शेवटी ‘नेटवर्क वेगळं करणे’ म्हणून एक रक्कम घातली. तात्यांनी चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक ओळीवर बोट फिरवलं. सेलला काही म्हणाले नाहीत. डिस्कला नाही. ज्या निळ्या पडद्याने त्यांचा जीव वर आला होता त्या ओळीलाही नाही. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

“वायर काढूचे पैशे?”

“तेच महत्त्वाचं काम होतं, तात्या.”

“वायर तर वहिनीन पण काढली असती.”

शेवटी ती ओळ खोडून तेवढीच रक्कम ‘एक्सपीचं काम’मध्ये मिळवली. तात्यांनी सही केली.