पाळोळ्याचा खडक, आत्याचं भिंग

सकाळी सव्वासहाला दक्षिण गोव्यात, काणकोणमधल्या पाळोळ्याच्या किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला पोचलो तेव्हा ओहोटी लागलेली होती, खडक अजून गार होते आणि किनाऱ्यावर होड्यांपाशी दोनचार माणसं सोडली तर कुणी नव्हतं. आम्ही तिघं. मी, आत्या आणि आत्याचा मुलगा, म्हणजे दादा, पुण्याचा, दहाएक वर्षं सह्याद्रीत क्लाइम्बिंग करतोय. त्याच्या पाठीवर क्रॅश पॅड, म्हणजे दुमडून पाठीला लावायची फोमची जाड गादी. आत्याच्या गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. आत्यानं आयुष्यभर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं, ते भिंग नसलं तर तिला चष्मा विसरल्यासारखं वाटतं.

मी डिचोलीची. आमचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, कुंपणाचा गडगा चिऱ्याचा, विहीरही चिऱ्यातच खणलेली. दगड म्हणजे चिरा एवढंच मला माहीत. म्हणून डिसेंबरात दादा आला तेव्हा मीच त्याला वागातोरच्या कड्याखाली घेऊन गेले, तिथे जांभ्याला एवढी भोकं आहेत की हात घालायला पकडी आयत्या तयार, मला वाटलं शिकायला याच्याहून बरी जागा कुठली. दादा वरखाली बघून नको म्हणाला, तरी मी चढले. तीनेक फुटांवर एका भोकात हात घालून वजन टाकलं आणि पूर्ण पकडच सुटून हातात आली. मनगट मुरगळलं, दोन आठवडे क्रेप बँडेज. जांभा वरून कडक दिसतो पण आत मातकट असतो, ओला असताना कोयत्यासारख्या हत्यारानं कापता येतो आणि उघड्यावर हवेत वाळला की घट्ट होतो, म्हणून तर त्याचे चिरे पडतात. घर बांधायला त्याच्यासारखा दगड नाही, पण लोंबकळायला तो अजिबात भरवशाचा नाही. नवशिक्यांनी कृपा करून त्या कड्यांच्या वाट्याला जाऊ नका.

मनगट बरं झाल्यावर आत्याच म्हणाली, "काणकोणला जाऊया गो, तिथला दगड वेगळा."

वेगळा म्हणजे किती ते हात लावल्यावर कळलं. साधारण दहा फूट उंचीची, हत्तीच्या पाठीसारखी गोल शिळा. कुठे कंगोरा नाही, भोक नाही, धरायला काहीच नाही असं वाटतं. दादासुद्धा जरा थांबला, कारण त्याचं सगळं शिक्षण बेसॉल्टवर, तैलबैलाच्या भिंती, नागफणी वगैरे. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये कडा असतात, भेगा असतात, बोटाच्या पेरावर घ्यायच्या पकडी असतात, आणि सुटे दगडही असतात म्हणून प्रत्येक पकड आधी ठोकून बघायची सवय. इथे पकड नाहीच. इथे फक्त घर्षण.

आत्यानं मला गुडघ्यावर बसवलं आणि भिंग हातात दिलं. खडकाला नाक लावून बघितलं तर करड्या जमिनीत गुलाबीसर चौकोनी तुकडे, काही इंच-दीड इंच लांब, कडा सरळ रेघेत कापल्यासारख्या, आणि सूर्य जरा वर आल्यावर डोकं हलवलं की एकेक तुकडा आरशासारखा चमकून विझायचा. ते फेल्डस्पार नावाचं खनिज. मधले काचेसारखे दाणे गारगोटीचे, काळे ठिपके अभ्रकाचे. आत्या सांगत होती की हा वितळलेल्या दगडाचा रस जमिनीखाली खोलवर अगदी सावकाश थिजला म्हणून स्फटिकांना वाढायला वेळ मिळाला, बेसॉल्ट जमिनीवर येऊन भराभर थिजला म्हणून त्याचे दाणे डोळ्यांना दिसतही नाहीत. काणकोणच्या या ग्रॅनाईटचं वय साधारण २५६ कोटी वर्षं काढलेलं आहे. सह्याद्रीचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. दादा ज्या डोंगरांना आजोबा म्हणायचा ते या शिळेपुढे कालची पोरं, आणि गोव्यात याहून जुनाही दगड आहे, अनमोड घाटातला नाईस नावाचा खडक, तो साधारण ३४० कोटींचा. पावसाळ्यात त्या घाटातून मी कितीदा गेलेय, गाडीतून धबधबे बघत, बाजूच्या दगडाकडे एकदाही नीट बघितलं नाही.

मग चढाई. दादानं शूज आधी टॉवेलनं पुसायला लावले, तळव्याला वाळूचा एक कण जरी राहिला तरी तो बॉलबेअरिंगसारखा फिरतो. "चवडा टेकव, टाच खाली सोड, कंबर दगडापासून लांब, आणि घाबरून दगडाला मिठी मारू नकोस." हेच सगळ्यात अवघड गेलं. भीती वाटली की अंग दगडाला चिकटतं, अंग चिकटलं की वजन पायावरून सुटतं, आणि वजन सुटलं की पाय घसरतो. चार वेळा घसरून गादीवर आले, बोटांची कातडी सोलली. पाचव्यांदा उजव्या हाताला एक गुलाबी स्फटिक लागला, भोवतालचा दगड झिजून तो अर्ध्या नखाएवढा वर आलेला. खालून आत्यानं भिंगातून दाखवलेलाच होता बहुतेक. त्याच्यावर तीन बोटांची टोकं ठेवली, डावा चवडा वर घेतला, आणि पाय चिकटला. खरंच चिकटला. दादा खालून दोन्ही हात वर करून उभा होता, स्पॉटिंग करत, म्हणजे पडले तर सावरायला, एक शब्द बोलत नव्हता.

वर बसल्यावर मी विचारलं की या शिळा अशा गोल कशा, समुद्रानं घासल्या का? आत्या म्हणाली समुद्र शेवटी आला. आधी ग्रॅनाईटला उभ्याआडव्या भेगा पडल्या, ठोकळे झाले, मग जमिनीखालीच भेगांतून पाणी झिरपलं आणि फेल्डस्पारची माती करत गेलं. ठोकळ्याचा कोपरा तीन बाजूंनी कुजतो, कड दोन बाजूंनी, सपाट बाजू एकीकडूनच, त्यामुळे कोपरे आधी जातात आणि आत गोल गाभा उरतो. भोवतालची माती वाहून गेली की गाभे उघडे पडतात. आणि हेच पाणी आणखी लाखो वर्षं चालू राहिलं, दगडातली सिलिकासुद्धा धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम तेवढं मागे राहिलं, की होतो जांभा. म्हणजे माझ्या घराची भिंतही कधीतरी असाच कुठलातरी टणक खडक होती! जांभ्याला लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस बुकानन यानं केरळातल्या अंगाडीपुरमच्या दगडावरून दिलं, १८०७ साली छापलेल्या पुस्तकात, लॅटिनमधल्या वीट या शब्दावरून. आमच्याकडे चिरा म्हणतात तेच.

नऊपर्यंत दगड तापला, हाताला घाम यायला लागला, चॉक, म्हणजे घाम टिपायची पांढरी पूड, लावूनही बोटं सरकायला लागली. कुणी जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेही उजाडताना, भरतीची वेळ बघून, आणि जिथे शेवाळ आहे तिथे पाय नको. चॉकचे पांढरे डाग ब्रशनं झाडून या. आम्ही झाडत होतो तोवर पाणी पहिल्या शिळेपाशी आलं होतं.

वर रस्त्याला येऊन पातळभाजी-पाव खाल्ला, पाव तोडताना बोटं झोंबत होती. शेजारच्या शिळेला एक तिरकी भेग आहे, दादा म्हणाला तिच्यात मूठ अडकवून चढायचं असतं, ते वेगळं शिकायला लागेल. पुढच्या रविवारी ओहोटी किती वाजता ते आत्या आत्ताच बघून ठेवतेय.