औषध पाजूनही जंत हटेनात, तेव्हा

जत तालुक्यात आमचा माडग्याळ मेंढ्यांचा कळप आहे. परतीच्या पावसानंतर काही मेंढ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरलं. अल्बेंडाझोल हे जंताचं औषध पाजून झालं होतं, तरी कोकरं खंगतच होती. हगवण मात्र नव्हती. हगवण नाही म्हणजे जंत नाहीत, असं आमच्याकडे सर्रास धरतात. पण हिमोंकस हा जंत चौथ्या पोटात बसून रक्त पितो आणि हगवण न लागताच मेंढी पांढरी पडते. त्याची एक मादी दिवसाला पाच हजारांवर अंडी घालते. ती लेंडीतून रानात पडतात आणि ओलाव्यात त्यांच्या अळ्या होऊन गवतावर चढतात.

दुकानात फेनबेंडाझोल सुचवलं. नाव वेगळं, पण गट अल्बेंडाझोलचाच! एकाला न जुमानणारे जंत बहुतेक वेळा दुसऱ्यालाही जुमानत नाहीत.

पशुवैद्यकांनी दुसरी बाटली दिली नाही, आधी तपासणी करायला लावली. निवडक मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या थेट गुदद्वारातून काढल्या, बिल्ल्याचा नंबर लिहून वेगवेगळ्या पिशव्यांत भरल्या आणि थंड ठेवून त्यातली अंडी मोजायला दिल्या. मग त्याच मेंढ्यांना काट्यावर वजन करून अल्बेंडाझोल पाजलं. अंदाजानं पाजलं की डोस कमी पडतो आणि त्यातून तगलेले जंतच पुढची पिढी वाढवतात. दोन आठवड्यांनी त्याच मेंढ्यांच्या लेंड्या पुन्हा दिल्या. औषध नीट चालत असेल तर अंडी ९५ टक्क्यांहून जास्त घटायला हवीत. आमच्याकडे निम्मीसुद्धा घटली नव्हती.

मग वेगळ्या गटातलं क्लोझँटेल ठरलं. हे काटेकोर वजनानंच द्यायचं, कारण डोस फार वाढला तर जनावर आंधळं होतं. आणि द्यायचं फक्त फिकट मेंढ्यांना! खालची पापणी उलटून उजेडात रंग बघायचा, दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या 'फामाचा' (FAMACHA) नावाच्या रंगांच्या तक्त्याशी ताडायचा. १ म्हणजे लालभडक, ५ म्हणजे पांढराफटक. ४ आणि ५ वाल्यांना औषध; गाभण मेंढी आणि कोकरू असेल तर ३ वरही.

आबांना हे पटेना. "औषध आणायचं आणि अर्धा कळप तसाच सोडायचा?" त्यांचा प्रश्न रास्तच होता. पण सगळ्यांनाच पाजलं तर रानात अंडी पडतात ती फक्त औषधाला न मरणाऱ्या जंतांची. धडधाकट मेंढ्या सोडल्या की औषधाला मरणारे जंतही रानात राहतात, दोन्हींची सरमिसळ होते आणि औषध जास्त वर्षं चालतं. मला या सगळ्या खटाटोपात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. हाताशी औषधांचे गट मोजकेच आहेत.

पुढे जबड्याखालची सूज ओसरली, पापण्यांवर लाली आली. आता पावसाळ्यात आबा स्वतः दर पंधरवड्याला पापण्या तपासतात. बाजारातून आणलेला नवा मेंढा आम्ही वेगळा बांधतो, औषध देतो आणि लेंडीत अंडी नाहीत असा रिपोर्ट आल्यावरच कळपात सोडतो.