कोकणात कुठे जेवायचं?

दिवाळी तोंडावर आली की आमच्या पुण्यातल्या सोसायटीत हा प्रश्न मला जिन्यात, लिफ्टमध्ये, वाण्याच्या दुकानात, कुठेही गाठतो. "वहिनी, आम्ही चाललोय कोकणात. चांगलं जेवण कुठे मिळेल? नावं सांगा ना." माझं माहेर वेंगुर्ल्याचं आणि सासर दापोलीजवळचं, त्यामुळे मला ठाऊक असणारच असं सगळे धरून चालतात. परवा तुम्हीही विचारलंत आणि मी घाईत दोन नावं सांगून निघून गेले. ते मनाला लागून राहिलं. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून नीट सांगते.

नावं आधी देऊन टाकते. सावंतवाडीत भालेकरांची खानावळ, मालवणात चैतन्य, अलिबागला सन्मान. ही तुम्हाला दुसरं कुणीही सांगेल, त्यासाठी मी कशाला हवी? मी स्वतः जिथे तृप्त होऊन उठले त्यातल्या निम्म्या जागांना नावच नव्हतं. दारावर 'घरगुती जेवण मिळेल' एवढी पाटी, आत चार टेबलं, मागच्या पडवीत घरातलीच दोन माणसं रांधणारी. अशा ठिकाणी सकाळी दहाच्या आत फोन करायचा, किती माणसं ते सांगायचं आणि मग विचारायचं, आज काय आलंय? तुम्हाला काय हवं ते शेवटी. त्या बाईला बाजारात जायच्या आधी आकडा कळला, तर ती तेवढ्याच माणसांचा मासा आणते आणि तेवढ्याच माणसांचा नारळ खवते. दीड वाजता अचानक दहाजणांनी दारात उभं राहायचं आणि पापलेट मागायचं, म्हणजे तिला बर्फातला मासा काढायला लावण्यासारखंच आहे.

आणि महिना सांगा. महिना कळल्याशिवाय मी उत्तर देत नाही. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मासळीचा विणीचा काळ असतो आणि दर्याही खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून कोळी पुन्हा समुद्रात उतरतात. पण पुण्या-मुंबईहून हिरवळ बघायला लोक जातात ते नेमके जुलैत, आणि ताटात सुरमईच हवी असते. एकदा माझ्याच माहेरच्या वाटेवर, पाहुण्यांना घेऊन हमरस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात मी ही चूक केली. सुरमईची तुकडी दिसायला झकास, रव्यात घोळवून तळलेली, पण तोंडात घातली तर भिजल्या कापसासारखी. बोटानं दाबली की दबलेलीच राहत होती. पाहुणे काही बोलले नाहीत. त्यांना वाटलं, कोकणातला मासा असाच असतो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पावसाळ्यात जाणार असाल तर खाडीचे मासे, खेकडे आणि सुकी मासळी मागा. जवळ्याची चटणी आणि गरम भाकरी, सोड्याची, म्हणजे सोलून सुकवलेल्या कोलंबीची खिचडी, सुक्या बोंबलाचं कालवण. बाहेर पाऊस धो धो पडत असताना सुक्या मासळीचा वास घरभर पसरतो, त्याला जे नाक मुरडतात त्यांना मी ते घर दाखवतच नाही. रायगडाकडे असाल तर जूनमध्ये शेवळांची भाजी विचारा. ही रानभाजी घशाला खाजते. ती खाज मोडायला काकडं नावाची आंबट रानफळं त्यात लागतात, आणि ज्यांच्या हाताला त्याचा अंदाज आहे त्यांनीच ती करावी. पुढे टाकळा येतो, फोडशी येते. हे हॉटेलच्या मेन्यूवर सहसा सापडायचं नाही. बाजारात जुड्या घेऊन बसलेल्या बाईलाच विचारा, इथे हे रांधून कोण घालेल. ती घर दाखवते.

तुम्ही मात्र डिसेंबरात जाताय, म्हणजे मासळीला तोटा नाही. माझं एक ऐका, पापलेटाच्या मागे लागू नका. बांगडा खा. बांगडा स्वस्त म्हणून लोक त्याला कमी लेखतात आणि ताटात दिसला की तोंड वाकडं करतात. आमच्या वेंगुर्ल्याकडे तळलेला बांगडा ठीक, पण खरी परीक्षा बांगड्याच्या तिखल्याची. लाल मिरची वाटायची, हळद, आमसुलं आणि तिरफळं. तिरफळ म्हणजे मिऱ्यापेक्षा थोडं मोठं, सालीत सुगंध असलेलं रानातलं फळ. आतलं काळं बी काढून टाकायचं, साल किंचित ठेचायची आणि रस्सा उकळताना टाकायची. जिभेला हलकीशी मुंगी येते तिच्यामुळे. तिरफळ बांगडा, तारली, पेडवे अशा तेलकट मासळीलाच शोभतं, पापलेटात कुणी टाकत नाही. बांगड्याचं तेल आणि तिरफळाचा वास एकमेकांना सांभाळून घेतात. तिखल्यात पाणी बेताचं, रस्सा अंगाबरोबर. माझी आई रात्री ते मातीच्या भांड्यात मुरत ठेवायची आणि सकाळी उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर आदल्या दिवशीचा बांगडा वाढायची. ती चव कुठल्याही खानावळीत ताज्या तिखल्याला येत नाही, म्हणून मी ओळखीच्या ठिकाणी आदल्या दिवशीच सांगून ठेवते, माझ्या वाट्याचं आज करून ठेवा, मी उद्या येते.

मागे एकदा मालवणच्या बाजाराजवळ, उन्हातून दमून मी एका घरात शिरले. फोन केला नव्हता. आतून बाई म्हणाल्या, "बसा वायच, बांगडे आताच इले." अर्धा तास बसले. आतून पाट्यावर वाटण वाटल्याचा आवाज येत होता. हा अर्धा तास थांबायची तयारी असली तर कोकणात कुणीही उपाशी राहत नाही.

आणखी एक गोष्ट, वार बघा. आमच्याकडे बऱ्याच घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार मासे शिजत नाहीत. त्या दिवशी हट्टानं मासे शोधत फिरण्यापेक्षा काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या खा. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण लावलेलं ते काळपट सांबार मला कोंबडी-वड्यांच्या कोंबडीइतकंच प्रिय आहे. वड्यांचं पीठ मात्र दाणेदार हवं आणि वडा ताटात आला तेव्हा फुगलेला हवा. आधी तळून ठेवलेले वडे चिवट होतात, ते परत पाठवायला लाजू नका.

सासरकडे वळायचं तर दापोलीहून हर्णैला जा. दुपार कलली की बंदरावर होड्या लागतात आणि वाळूतच लिलाव सुरू होतो. टोपल्या ओतल्या जातात, भोवती घोळका, बोली इतक्या झरझर की नवख्याला कळत नाही मासा कुणाला गेला. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. कोळणींकडून किरकोळीत घ्या. कल्ले उघडून बघा, लाल हवेत. डोळे चकचकीत हवेत, खोल गेलेले नकोत. मासा घेऊन जवळच्या एखाद्या खानावळीत दिलात तर करणावळ घेऊन रांधून देतात. माझ्या सासूबाई बाजारातून आल्या की पिशवी उघडायच्या आधी भात लावायच्या. मासळीनं भाताची वाट बघू नये, असं त्या म्हणायच्या.

तुमच्या आईंना मासे चालत नाहीत, हे लक्षात आहे माझ्या. त्यांना गुहागरला किंवा गणपतीपुळ्याला घेऊन जा. उकडीचे मोदक सकाळीच सांगून ठेवा, पण संकष्टीच्या दिवशी जाऊ नका, गर्दीत मोदकाची कळी कुणी निगुतीनं काढत नाही. ओल्या काजूगरांची उसळ मात्र डिसेंबरात सहसा मिळायची नाही, त्यासाठी होळीच्या आसपास परत जावं लागेल. ती महाग का, असं लोक विचारतात. ओली काजूबी चिरून गर काढताना तिच्या चिकानं हाताची कातडी भाजते, बायकांची बोटं काळी पडतात. ते हात बघितले की वाटीचा दर जास्त वाटत नाही.

अलिबागवरून परतणार असाल तर थंडीत पोपटी चुकवू नका. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, आणि वरून जाळ. ही शेतावर, ओळखीच्या माणसांत खायची. विकतची मी खाल्लेली नाही.

राहिली सोलकढी. ती जेवणाच्या शेवटी येते, पण खानावळीची पारख मी तिच्यावरून करते. रातांब्याचा आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, आणि नारळाचं पहिलं दूध, मग लसूण, मिरची, मीठ. रंग फिकट गुलाबी, किंचित जांभळट. लग्नातल्या सरबतासारखा भडक दिसला तर मी घोट घेत नाही. नारळाचं दूध फार वेळ राहिलं की फुटतं, म्हणून चांगल्या घरी ती पंगत बसल्यावरच काढतात. वाटी समोर येताना आतून खवणीचा आवाज ऐकला असेल तर तिथे निःशंक जेवा, बाकीचं ताट न बघताही मी सांगते, ते चांगलंच असणार.

आणि परत येताना माझ्यासाठी अर्धा किलो आमसुलं आणा. वेंगुर्ल्याच्या बाजारातून घ्या, सावंतवाडीतून घेतलीत तरी चालतील. काळी, मऊ, बोटाला ओलसर लागणारी बघा. कोरडी पडलेली घेऊ नका. घरी बांगडा आणून ठेवते, तुम्ही आलात की तिखलं करू.