वावरात जाऊन पाहता काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न तसा जुनाच. पोळा आला, आखाजी आली, की रावेरकडच्या आमच्या गावात कुणी ना कुणी विचारतंच: "नाना, तुमच्यात बैलाची पूजा नाही, वावरात नारळ नाही. मंग रविवारी चर्चमधून आल्यावर बागेत एकटे फिरता, ते पाहता काय?" खानदेशातले ख्रिस्ती म्हणजे नवापूर-चिंचपाड्याकडचे, नाहीतर भुसावळचे रेल्वेवाले, अशी इकडची समजूत. केळीवाला ख्रिस्ती दिसला की चौकशी जरा जास्तच होते.

तर पहिली गोष्ट, मी तिथे देव शोधायला जात नाही. झाड देव नाही, तापीही देव नाही. आमच्याकडे याबाबत गोंधळ नाही. पण प्रभू येशू शिकवायला बसला की त्याच्या बोलण्यात वावरच यायचं. पेरणारा, मोहरीचा दाणा, गव्हातलं निदण, अंजीर, द्राक्षवेल. ऐकणारे गालीलातले शेतकरी आणि कोळी होते, त्यांना कळेल असंच तो बोलला. माझ्याकडे अंजीर नाही, द्राक्षं नाहीत. म्हणून मी केळी पाहतो.

आता केळीचं ऐका. आपण ज्याला खोड म्हणतो ते खरं खोड नव्हेच, ती पानांच्या देठांची एकावर एक घट्ट बसलेली गुंडाळी. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. टिश्यूकल्चरचं रोप लावलं की चौथ्या-पाचव्या महिन्याच्या आसपास त्या कंदाच्या टोकाशी फुलाचा कोंब तयार व्हायला लागतो, आणि घडाला किती फण्या येणार हे बहुतेक तेव्हाच ठरून जातं. बाहेरून काहीही दिसत नाही. नवं पान येतं, जुनं वाळतं, एवढंच. मग तो कोंब खोडाच्या आतून वर सरकत राहतो आणि सातव्या-आठव्या महिन्यात बाग निसवते, म्हणजे घड बाहेर पडतात. तेव्हा सगळे बांधावर येऊन फण्या मोजतात. त्या वेळी ठिबकमधून कितीही खत सोडा, फण्या वाढत नाहीत. केळ्याची लांबी-जाडी सुधारेल, वजन वाढेल, पण फणी वाढणार नाही.

हे मला शेतीच्या पुस्तकातून कळलं, पण पटलं ते बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायाशी लावून पाहिल्यावर. दानधर्म, प्रार्थना, उपास, तिन्ही गोष्टी लोकांना दिसतील अशा करू नका, गुप्तातलं पाहणारा पिता ते पाहतो, असं तिथे सांगितलं आहे. पूर्वी मला वाटायचं, ही नम्रतेची शिकवण. आता वाटतं, त्यात त्याहून कडक काहीतरी आहे. माणूस कसा निघणार हे कुणी पाहत नसतानाच्या महिन्यांत ठरतं. सातपुड्यातून आलेल्या पावरा आदिवासी मजुरांची मजुरी बाजाराच्या आदल्या दिवशी हातात पडते की नाही, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या खोलीत दिवसातून कितीदा डोकावलं जातं, रात्री दिवा मालवण्याआधी घरात चार ओळी वाचल्या जातात का. मजुरीबद्दल तर याकोबाच्या पत्रात फार तिखट लिहिलंय: शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आणि ती देवाच्या कानी जाते. नाताळच्या भक्तीत पुढच्या बाकावर बसून हे भरून निघत नाही. ती निसवण झाली.

मुंगीचं सगळेच विचारतात, कारण बायबलातल्या नीतिसूत्रांत आळशाला मुंगीकडून शीक म्हटलंय, ते सगळ्यांना पाठ. मुंगी मला फारसं शिकवत नाही. ती मावा नावाची रस शोषणारी कीड पाळते, तिचा गोड चिकटा खाते, आणि हाच मावा केळीत व्हायरस पसरवतो. नीतिसूत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या शलमोन राजाकडे केळीची बाग नव्हती, असं म्हणून मी पुढे जातो.

कावळा मात्र मला थांबवतो. लूकच्या बाराव्या अध्यायात येशू 'कावळ्यांचा विचार करा' म्हणतो. ते पेरत नाहीत, कापत नाहीत, त्यांना कोठार नाही, तरी देव त्यांना खाऊ घालतो. ऐकणारे यहूदी होते आणि मोशेच्या नियमशास्त्रात कावळा अशुद्ध पक्ष्यांच्या यादीत आहे. कबुतराचं, चिमणीचं नाव घेता आलं असतं. इथे घेतलं ते कावळ्याचं. आमच्या गल्लीत पितृपक्षात लोक घास ठेवून त्याची वाट पाहतात आणि पंधरवडा संपला की दगड मारतात. ज्याला वर्षभर कुणी बोलावत नाही त्याचंही पोट देवाच्या हिशोबात आहे, हे ऐकल्यावर कर्जाच्या हप्त्याची काळजी जात नाही म्हणा, पण माझ्या कोठारात माल नाही म्हणजे देवानं मला टाकलं, हा हिशोब करायला तोंड राहत नाही.

आणि मग वादळाचा प्रश्न. तो तुम्ही हळूच विचारता, पण विचारता. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, पानं करपतात, आणि मृगाच्या तोंडावर एखाद्या संध्याकाळी अर्ध्या तासाच्या वाऱ्यात कापणीला आलेली बाग आडवी होते. घड जेवढा जड तेवढं झाड आधी पडतं. "प्रार्थना करता, तरी पडली?" हो, पडली. तुमचीही पडली, माझीही पडली. देव सूर्य आणि पाऊस चांगल्या-वाईट दोघांना देतो, हे येशूनंच सांगितलंय. वाऱ्याला वेगळा नियम कुठून असणार? वादळातून मी धडा काढत नाही. कुणी काढून द्यायला आला तर मला रागच येतो. सिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, ती जास्त पापी होती म्हणून का, असं येशूनं स्वतःच विचारलं आणि स्वतःच नाही म्हणून सांगितलं.

पण लूकमध्ये याच्या लगेच पुढे अंजिराची गोष्ट येते, ती मी पडलेल्या बागेत उभा राहून सांगतो. तीन वर्षं फळ नाही म्हणून मालक म्हणतो तोडून टाक, आणि माळी म्हणतो, मालक, हे एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. आडवं झालेलं केळीचं झाड पुन्हा उभं करून उपयोग नसतो. ते कापायचं, पण कंद जमिनीत असतो. त्याच्या भोवतीच्या पिलांतलं एक तजेलदार पील ठेवायचं, बाकीची काढायची, माती लावायची. त्या पिलापासून पुन्हा उभी राहते ती पिलबाग.

गेल्या हंगामात शेजारच्या वावरातल्या भाऊंनी ही गोष्ट शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "मंग लागलं का त्या अंजिराला फळ?"

म्हटलं, पुस्तकात लिहिलेलं नाही. गोष्ट तिथेच संपते.

"म्हणजे मालकानं ऐकलं की नाही, तेही माहीत नाही?"

"नाही."

ते थोडा वेळ कोयत्याची धार पाहत राहिले. म्हणाले, "माळी हुशार होता भो. त्यानं पिलबाग धरली." आणि पुढच्या ओळीत कापायला लागले.