अण्णांनी बाग पाहिली, मी वाइन: सोनोमाच्या धुक्यातले दोन दिवस

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. आदल्या रात्री कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉंटला पंखा लावून झोपलो होतो आणि सकाळी नऊला सोनोमातल्या फ्रीस्टोनला गाडीतून उतरताच अण्णांनी शाल मागितली. गाडीतला आकडा 12 अंश सेल्सिअस दाखवत होता. रस्त्यापलीकडची झाडं दिसत नव्हती, पानांवरून पाणी ठिबकत होतं. पाऊस मात्र नव्हता. ते सगळं धुकं होतं.

पिनो न्वार ही हलकी लाल वाइन मला गेली काही वर्षं फार आवडते. ती जिथे पिकते तो सोनोमाचा किनारा अण्णांना दाखवायचा हे त्यांचं तिकीट काढतानाच ठरवलं होतं. अण्णा माळकरी आहेत, थेंबभरही घेत नाहीत. पण पिंपळगाव बसवंतजवळ त्यांनी चाळीस वर्षं थॉमसन द्राक्षांची बाग केली आहे. वेलीकडे बघायला त्यांच्याइतकं चांगलं माणूस मला मिळालं नसतं.

फ्रीमॉंटहून सेबॅस्टोपोल रहदारी नसेल तर पावणेदोन तासांत येतं. रिचमंडच्या पुलावर टोल लागतो आणि तो रोखीने घेत नाहीत. पहाटे निघा. धुकं बहुतेक वेळा दुपारपर्यंत विरतं, आणि ते अंगावर घेतल्याशिवाय या वाइनची चव नीट कळत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. दुपारी उन्हात येऊन थेट टेस्टिंग रूममध्ये, म्हणजे वाइन चाखायच्या खोलीत, शिरणाऱ्याची निम्मी गोष्ट बाहेरच राहते.

हे धुकं येतं कुठून? उन्हाळ्यात वायव्येचा वारा किनाऱ्यालगतचं वरचं पाणी समुद्रात ढकलतो आणि खालचं गार पाणी वर येतं. त्यावरून येणारी दमट हवा थंडावते, तिचं धुकं होतं. तिकडे आतल्या खोऱ्यात जमीन तापून हवा वर चढते आणि ते धुकं डोंगरांतल्या खिंडींमधून आत ओढलं जातं. त्यातली मोठी खिंड म्हणजे पेटालुमा गॅप. तिथे दुपारी असा वारा सुटतो की टोपी हातात धरावी लागते. पिनोची साल पातळ असते आणि ती लवकर पिकते. उष्ण जागी तिच्यात साखर भराभर चढते, आंबटपणा पळून जातो आणि वास तयार व्हायला वेळच मिळत नाही. गारव्यात ती सावकाश पिकते.

सेबॅस्टोपोलजवळच्या एका छोट्या बागेत आधी वेळ ठरवून गेलो. ओळींमधून फिरवून आणायची सोय तिथे होती. अण्णांनी चष्मा पुसला, खाली बसले आणि आधी माती उचलली. मुठीत दाबली, मूठ उघडली, ढेकूळ बोटाने सहज फुटलं. पिवळसर, वाळूसारखी बारीक. हीच इथली प्रसिद्ध गोल्डरिज माती. फार पूर्वी हा समुद्राचा तळ होता, आणि या मातीत पाणी थांबत नाही. “बाई, ही पाणी धरणार नाही. मुळीला खाली जावंच लागेल,” अण्णा म्हणाले. बाग दाखवणाऱ्या मुलीला मी ते इंग्रजीत सांगितलं तर ती म्हणाली, म्हणूनच ही जागा निवडली.

मग त्यांनी घड हातात घेतला. हाताच्या मुठीएवढा, मणी बारके आणि एकाला एक चिकटलेले, कणसासारखे. पिनो या नावातच पाइनच्या फळाचा उल्लेख आहे तो याच आकारामुळे. “विरळणी करत नाहीत? आत हवा कशी जायची? भुरी येत असेल.” येते, मुलगी म्हणाली. भुरी (पांढरी बुरशी) आणि घडकूज, हे दोन शत्रू. म्हणून घडाभोवतालची पानं काढतात आणि गंधक मारतात. डाऊनीचं, म्हणजे केवडा या बुरशीच्या रोगाचं, विचारलं तर तिने नाही म्हणून मान हलवली. इथे उन्हाळ्यात पाऊस पडत नाही, त्यामुळे डाऊनीचा त्रास जवळजवळ नाहीच. अण्णा बराच वेळ गप्प होते. डाऊनीच्या फवारण्यांसाठी रात्री-अपरात्री उठलेला माणूस आहे तो.

छाटणीही वर्षातून एकदाच. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, वेल कधी झोपतच नाही. इथे हिवाळ्यात पानं गळून वेल झोपी जाते आणि ती झोपेत असतानाच छाटतात. परवानगी घेऊन अण्णांनी एक मणी तोंडात टाकला, साल चावून बघितली, बिया हातावर काढल्या. बिया तपकिरी व्हायला लागल्या होत्या. “अजून दोन-तीन आठवडे,” ते म्हणाले. सप्टेंबरच्या मध्यावर तोडणी, असं मुलीने नुकतंच मला सांगितलं होतं. ते इंग्रजीत होतं, अण्णांना कळलेलं नव्हतं.

आता वाइन. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला तर पलीकडचं बोट दिसतं. रंग पाण्यात कालवलेल्या कोकम आगळासारखा. नाकाला आधी चेरी, मग थोड्या वेळाने पावसानंतरच्या पाचोळ्याचा वास. कॅबर्ने ही दाट लाल वाइन प्यायल्यावर जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ ओढली जाते, तसं इथे होत नाही. तुरटपणा कमी, आंबटपणा स्वच्छ, आणि घोट गिळल्यावरही चव रेंगाळते. घाई करू नका. त्याच ग्लासातली वाइन वीस मिनिटांनी वेगळी लागते, म्हणून मी पहिला ग्लास शेवटपर्यंत बाजूला ठेवते. अण्णांनीही ग्लास हुंगला आणि म्हणाले, “आंब्याच्या अढीत शिरल्यासारखं वाटतं.” पिकत्या फळाचा आणि गवताचा तो एकत्र वास मला त्यानंतर प्रत्येक ग्लासात सापडत गेला.

चवीसाठी चार-पाच वाइन ओततात, प्रत्येकी दोन-तीन घोट. थुंकायला तस्त ठेवलेलं असतं, ते वापरायला अजिबात संकोचू नका, जाणकार तेच करतात. दिवसाला दोन जागा पुरेत. गाडी चालवणाऱ्याने घेऊच नये. नवरा दोन्ही दिवस फक्त वास घेत होता. बहुतेक लहान वाइनऱ्या आधी वेळ ठरवल्याशिवाय आत घेत नाहीत. मागच्या वर्षी आम्ही एका ठिकाणी न कळवता गेलो आणि फाटकातून परत आलो. वय 21 किंवा त्याहून जास्त हवं, ओळखपत्र जवळ ठेवा. न पिणारे कोणी बरोबर असतील तर बुकिंग करतानाच सांगा, त्यांचे पैसे लागतात की नाही ते जागेप्रमाणे बदलतं. आणि बाग बघायची असेल तर तेही स्पष्ट विचारा. काही ठिकाणी फक्त खोली असते, बाग दूर कुठेतरी.

बाटलीवरचं नाव वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘सोनोमा कोस्ट’ हा 1987 साली ठरलेला पट्टा बराच मोठा आहे, त्यातल्या काही बागा समुद्रापासून चांगल्याच आत आहेत. खरोखर किनाऱ्याजवळची हवी असेल तर 2022 साली मान्यता मिळालेलं ‘वेस्ट सोनोमा कोस्ट’ किंवा त्याआधीचं ‘फोर्ट रॉस-सीव्ह्यू’ हे नाव शोधा.

दुपारी ऑक्सिडेंटलवरून कोलमन व्हॅली रोडने समुद्राकडे उतरलो. रस्ता अरुंद, वळणं तीव्र, मोबाइलला रेंज नाही. नकाशा आधी उतरवून घ्या. गोट रॉकच्या किनाऱ्यावर पाण्याकडे पाठ करून उभं राहू नका, लाट अचानक वर येते.

दुसऱ्या दिवशी जेनरवरून फोर्ट रॉस. 1812 ते 1841 इथे रशियन लोकांची वसाहत होती आणि त्यांनी इथे द्राक्षंही लावली होती. लाकडी तटबंदी आणि छोटं चर्च बघायला तासभर लागतो. पण खरी मजा वरच्या मेयर्स ग्रेड रोडवर. तिथल्या बागा साधारण 920 फुटांच्या वर आहेत. खाली आम्ही वायपर लावून चाललो होतो, वर वळण घेतलं आणि लख्ख ऊन पडलं. मागे वळून पाहिलं तर समुद्राच्या जागी पांढरं धुकं पसरलेलं, किनारा त्याच्याखाली बुडालेला. हवा गारच, पण वेलीवर दिवसभर ऊन. म्हणून इथली पिनो खालच्यापेक्षा थोडी गडद आणि भरीव लागते. मला खालची, धुक्यातली जास्त आवडली.

बाटल्या घेतल्यावर गाडीत ठेवून फिरू नका. किनाऱ्यावर स्वेटर लागतो आणि तासाभरात सँटा रोझाला पारा तिशीपार असतो. मागच्या खेपेला आम्ही जेवायला थांबलो आणि एका बाटलीचं बूच वर सरकलं, वाइन शिजल्यासारखी लागली. आता बर्फाची पेटी नेतो. घरी पिताना 13 ते 15 अंशांवर प्या, म्हणजे फ्रीजमधून काढल्यावर लगेच नाही, थोडा वेळ बाहेर ठेवून. लोण्यात परतलेली अळंबी, भाजलेला सामन मासा, नाहीतर गोड्या मसाल्यातली कमी तिखट भरली वांगी, यांच्याशी ती छान जमते. झणझणीत रश्श्यापुढे मात्र तिचा वास उरत नाही.

भारतात परतताना एका माणसाला दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय नेता येते, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या, त्याही तपासणीच्या सामानातच. त्या दोन्ही अण्णांनी त्यांच्या धोतरांमध्ये गुंडाळून नेल्या. दिंडोरीला त्यांचा एक मित्र वाइनरीला द्राक्षं देतो, त्याच्यासाठी. शिवाय खिशातल्या वहीत त्यांनी ओळींमधलं अंतर आणि घडातले मणी मोजून लिहून घेतले होते.