हिमालयाचा वारा दिल्लीला का पुरत नाही?

उत्तराखंडात ट्रेकचे गट न्यायला लागल्यापासून एक प्रश्न हमखास येतो. ऋषिकेशला पहाटे छातीभर श्वास घेतला की कुणीतरी म्हणतंच, "अहो, डोंगरातून एवढी स्वच्छ हवा खाली येते, मग दिल्लीतला धूर का हटत नाही? अडीचशे किलोमीटर तर अंतर!"

त्याचंच उत्तर सांगतो.

डिसेंबरात उजाडायच्या आधी लक्ष्मणझुल्याजवळ घाटावर उभं राहा. गंगेच्या घळीतून असा वारा सुटलेला असतो की चहावाल्याच्या चुलीचा धूर आडवा होऊन हरिद्वारच्या दिशेने पळतो. रात्री डोंगरउतार लवकर गार होतात, त्यांना टेकलेली हवा जड होते, घरंगळत दरीत गोळा होते. घळीत बाजूला सरकायला जागा नाही, म्हणून तो जोर. दरीचं तोंड संपलं की हवा पसरते नि जोर ओसरतो. त्यात आणखी एक गोम आहे. खाली उतरणारी कोरडी हवा दर १०० मीटरला साधारण १ अंशाने तापते. इकडे मैदानातली जमिनीलगतची हवा रात्रभर गारठून जड झालेली. डोंगराकडून आलेली हवा तिला ढकलू शकत नाही, वरून सरकून जाते. धूर जिथल्या तिथे, वर उबदार हवेचं झाकण मात्र आणखी पक्कं.

दुपारी सगळं उलटं. उतार तापले की हवा वर चढते आणि तिची जागा भरायला मैदानातली हवा दऱ्यांमध्ये ओढली जाते, धुरासकट. हे कुणी विचारत नाही, मला मात्र हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. एव्हरेस्टच्या पायथ्याकडे ५०७९ मीटरवर 'पिरॅमिड' नावाचं संशोधन केंद्र आहे. २००६ पासून तिथे हवेतली काजळी मोजली गेली. पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत तिचं प्रमाण दुपारनंतर चढतं, रात्री उतरतं. आसपास कारखाना नाही की हमरस्ता नाही. ती काजळी खालून, एव्हरेस्टकडे जाणाऱ्या खुंबूच्या दरीतून वर आलेली असते. बर्फावर बसली की बर्फ जास्त ऊन शोषतं आणि लवकर वितळतं. नेपाळातल्या कालीगंडकी नदीच्या दरीत तर दुपारचा वारा इतका दांडगा, की मुक्तिनाथच्या वाटेवरच्या जोमसोमची विमानं सकाळीच उरकावी लागतात. मुक्तिनाथ करून आलेल्यांना वेगळं सांगायला नको.

वर गेलेला सगळाच धूर डोंगर ओलांडत नाही. काही उंचावरून मैदानावर परततो, रात्रभर त्या झाकणाच्या वर राहतो आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की पुन्हा खाली मिसळतो.

मग दिल्ली मोकळी होते कधी? एखादा पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा वादळी पट्टा, पुढे सरकतो आणि मागून वायव्येचा दमदार वारा सुटतो तेव्हा. तोही घाण नाहीशी करत नाही म्हणा. ती कानपूर-पाटण्याकडे रवाना होते.